आडवा शब्द अकरा

उमरगा, जि. उस्मानाबाद
बुधवार, १० जानेवारी १९६२

श्री. चौकोनपंत यांस,
शब्दकोडे विभाग, साप्ताहिक ‘सोनसकाळ’, पुणे

स. न. वि. वि.

तुमचं कोडं क्रमांक ८७ आज दुपारी दीड वाजता सुटलं! साडेबाराला सोलापूरची एस.टी. आली, पावणेएकला कल्याणप्पाच्या दुकानात पेपरांचा गठ्ठा फुटला, आणि दीडला बावीसच्या बावीस शब्द भरून मी पेन्सिल कानावर ठेवली. पाऊण तास! आमच्या गल्लीत आजवर एवढ्या झटपट कोणी कोडं सोडवलेलं नाही. सोडवतो कोण म्हणा, मी आणि शेजारच्या प्रेमलाबाई. तरीपण.

उत्तराचं कूपन कापून सोबत जोडलं आहे. नियमात पत्र लिहू नये असं कुठंही म्हटलेलं नाही, म्हणून लिहिते. मी सौ. शारदा. आमचे हे इथल्या डॉक्टरांकडे कंपाउंडर आहेत. दवाखाना पुढच्या खोलीत, आम्ही मागच्या दोन खोल्यांत. हैदराबादच्या रस्त्यावरचं गाव, त्यामुळं बाकावर पेशंट तऱ्हेतऱ्हेचे. माझी पद्धत सांगते. शब्द अडला की मी दारात उभी राहते आणि बाकाला विचारते. तापातल्या माणसांना शब्द चांगले सुचतात. दाढ दुखणाऱ्यांचा काही उपयोग होत नाही. आज ‘याच्यावाचून चाक फिरतं, पण कुरकुरतं’ याला अंगठा चेचलेला एक ट्रक ड्रायव्हर हात वर करून ओरडला, “वंगण, बाई, वंगण!” डॉक्टर म्हणाले, “आधी हात खाली कर.” ‘जात्याला असतो, चुलीला नसतो’ हे एका म्हातारीनं सांगितलं. खुंटा. बाई कानानं बहिरी होती, पण हे तिला बरोबर ऐकू आलं.

आता एक तक्रार. आडवा शब्द अकरा फार सोपा दिलात. ‘माप झाल्यावर दुकानदार पोराच्या तळहातावर ठेवतो ती’, तीन अक्षरी, मधलं ड. हे काय विचारायचं झालं? मी तो सगळ्यात आधी भरला. गुंडपी. प्रेमलाबाई मात्र तिथंच अडून बसल्या आहेत. त्या बार्शीच्या, शाळेत शिकवतात, एरवी मला व्याकरण शिकवतात. भिंतीवरून दोनदा विचारून गेल्या. मी सांगितलं नाही. स्पर्धा ती स्पर्धा.

शब्दांचा नाद मला भावामुळं लागला. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. लहानपणी तो शेणानं सारवलेल्या जमिनीवर कोळशानं चौकोन आखायचा आणि मी शब्द भरायचे. तो हल्ली बाहेरगावी असतो. असो.

पुढचं कोडं जरा अवघड येऊ द्या.

आपली वाचक,
शारदा


उमरगा
शुक्रवार, ९ फेब्रुवारी १९६२

श्री. चौकोनपंत,

लागलं! मला बक्षीस लागलं!

गेल्या आठवड्यात आठ ग्रह एका राशीत आले. जग बुडणार म्हणून आमच्या गल्लीत होम झाला, कल्याणप्पानं दुकानाला दोन दिवस कुलूप लावलं, आणि प्रेमलाबाईंनी वहीवरच्या सगळ्या उसन्या वाट्या परत केल्या. जग काही बुडालं नाही. बुधवारी अंक आला आणि त्यात छापलेलं, ‘सर्वस्वी बिनचूक उत्तर : एकच. सौ. शारदा, उमरगा.’ महाराष्ट्रात एकच! मी अंक घेऊन दवाखान्यात शिरले. इंजेक्शन अर्धं टोचलेलं होतं, तरी त्या पेशंटनं माझं अभिनंदन केलं.

आज पार्सल आलं. पोस्टमन शिवशरण ते डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडून आला. पोस्ट आमच्या दारासमोरच आहे, तिथला तारेचा खटखटाट आमच्या चुलीपर्यंत ऐकू येतो, तरी घाम पुसत म्हणाला, “काय मागवलंय अक्का, पाटा वरवंटा का?” म्हटलं, “शब्दकोश.” केवढा मोठा तो! मराठीतले सगळे शब्द माझ्या चौरंगावर! हळदकुंकू वाहिलं आणि मग सगळ्यात आधी कोणता शब्द काढला असेल? ज्यानं मला जिंकवलं तोच. ‘गु’वर बोट ठेवून खाली खाली आले. गुंडगी होती. गुंडा होता, गुंडाळणे होतं.

गुंडपी नाही.

पानं चिकटली असतील म्हणून सुरी घातली. पुन्हा पाहिलं. पुरवणी पाहिली. नाही म्हणजे नाही. यांना विचारलं. हे निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले, मराठी शब्द माझ्याकडूनच घेतात. म्हणाले, “मला वाटलं तुमच्या माकणीकडं म्हणत असतील.” डॉक्टरांनी ऐकलेला नाही. कल्याणप्पा म्हणाला, “आमी नुसतं ‘वर टाका’ म्हनतो. गुंडपी काय अस्तंय?” बाकावरच्या अकरा जणांना विचारलं. एकाला तो रोग वाटला.

तेव्हा चौकोनपंत, हा शब्द तुम्ही कोणत्या पुस्तकातून घेतला ते कृपया कळवावं. मी कुठून घेतला ते सांगते. माझं माहेर माकणी, तेरणेकाठी. वडील विष्णुपंत तिथं मास्तर होते. आमच्या घरापासून चार घरं टाकून गुंडप्पाचं किराणा दुकान. गूळ घ्यायला गेलं की गुंडप्पा माप पुरतं करायचा, पुडी बांधायचा, आणि मग ढेपेचा एक लहानसा खडा फोडून पोराच्या तळहातावर ठेवायचा. आमची आई दारातच विचारायची, “गुंडप्पाची गुंडपी आणलीस का?” पुढं कशावरही वरून जास्तीचं मिळालं की आमच्या घरात ती गुंडपीच. दुधावर पळीभर दूध गुंडपी, कापडावर चार बोटं कापड गुंडपी. म्हणजे शब्द आईनंच केलेला आहे! म्हणून तर कोशात नाही. आमच्या चार माणसांच्या घराबाहेर तो

थांबा. पेन खाली ठेवते.


त्याच दिवशी, दिवेलागण

दादा,

तू आहेस ना?

दुपारचं पत्र यांनी पोस्टात टाकलंसुद्धा, आणि मी तेव्हापासून स्वयंपाकघरात येरझारा घालते आहे. भाजी करपली. आपल्या घरात चारच माणसं होती. आई गेली. अण्णा गेले. मी हे कोडं सोडवलं. मग रचलं कोणी? अंबादास विष्णुपंत, रचलं कोणी?

तू छापखान्यातलाच माणूस. तहसिलीतली बसल्या जागची नोकरी सोडून पुण्याच्या छापखान्यात खिळे जुळवायला गेलास, म्हणून तर अण्णांनी तुझं नाव टाकलं. आणि चौकोनपंत! असलं नाव तुलाच सुचणार. माझ्या बाहुलीचं नाव तू गोलाबाई ठेवलं होतंस. मी एवढी कोडी सोडवली आणि हे एक मला दिसलं नाही. नऊ वर्षं मी तुला शोधते आहे आणि तू दर बुधवारी एस.टी.नं माझ्या घरी येत होतास!

अण्णा गेले तेव्हा दोन तारा केल्या होत्या तुझ्या जुन्या छापखान्यावर. दोन्ही परत आल्या. तू जागा बदलली असावीस.

तुला नेम आठवतो का? दुकानात जाईल त्यानं गुंडपी खायची नाही. मुठीत धरून घरी आणायची आणि घरी राहिलेल्याच्या हातावर ठेवायची. आईचा नेम. तू एकदा येता येता विटीदांडू खेळत बसलास, तासाभरानं आलास, आणि मूठ उघडली तर नुसता चिकट हात. मी भोकाड पसरलं. तू म्हणालास, “शारदे, चाटून घे.” आणि मी घेतलं. कसला मळका हात होता तुझा!

आईच्या वेळची तार तुला पोचली नाही याचं मला आजही वाईट वाटतं. पोस्टाचा कारभार, कुठं अडकली असेल. पण त्याला आता नऊ वर्षं झाली. माणसानं किती दिवस धरून बसायचं?

एक ओळ लिही. नुसतं ‘हो’ लिही. दोन अक्षरीसुद्धा नाही, एकच अक्षर आहे.

तुझी,
शारदी


उमरगा
मंगळवार, २७ फेब्रुवारी १९६२

दादा,

तुझा ‘हो’ आला नाही. तुझ्याऐवजी गेल्या बुधवारी तुझा अंक आला, आणि माझं डोकं असं तापलं की डॉक्टरांनी थर्मामीटर काढला.

काय ती पत्रं छापलीत! साताऱ्याचे कुणी वकील लिहितात, ‘हा शब्द आमच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलेला नाही.’ सात पिढ्या किराणा आणायला गेल्या होत्या का यांच्या? दुसरे म्हणतात कोडेकारानं आपल्या ओळखीच्या बाईला बक्षीस द्यायला शब्द बनवला. ओळखीच्या बाईला! आणि खाली संपादकांची चौकट : ३१ मार्चपर्यंत हा शब्द कुठं बोलला जातो याचा पुरावा मिळाला नाही तर निकाल रद्द, बक्षीस परत, आणि कोडेकार बदलण्यात येईल.

बक्षिसाचं मला काही नाही. जड आहे, परत न्यायला शिवशरणला त्रास होईल एवढंच. पण तुझं कोडं जाणार? आईच्या शब्दापायी? ते मी होऊ देणार नाही, हे तू माझ्याशी बोललास नाही बोललास तरी.

यांना म्हटलं, “मी माकणीला जाते.” हे म्हणाले, “तिथं आता आपलं कोन हाय?” म्हटलं, “दुकान आहे.”

लोहाऱ्यापर्यंत एस.टी., पुढं बैलगाडी. निवडणुकीचे कागद अजून बाभळींना लटकलेले आहेत. गाडीत मी मनाशी अर्ज तयार करत होते. गुंडप्पाकडून लिहून घ्यायचं की एका बाईनं माझ्या दुकानात हा शब्द तीस वर्षं वापरला. एका बाईच्या बोलण्याला पुण्यात कोण पुरावा म्हणणार, हेही कळत होतं.

दुकानाला तीच पायरी आहे, मधोमध झिजलेली. गल्ल्यावर मुलगा बसप्पा. गुंडप्पाला आता दिसत नाही. तो गुळाच्या ढेपेशी बसलेला असतो आणि ढेप हातानं फोडतो. मी पदर डोक्यावर ओढून कडेला उभी राहिले, गर्दी सरू दे म्हणून. तेवढ्यात एक पोरगी आली, असेल सहा वर्षांची, नाक वाहतंय. बसप्पानं नव्या किलोच्या वजनानं गूळ मोजला, पुडी दिली. पोरगी हलेना. तळहात पुढं केला आणि म्हणाली,

“आज्जा, गुंडपी!”

दादा, मी पायरीवर बसले.

गुंडप्पानं खडा फोडून तिच्या हातावर ठेवला. पोरगी म्हणते, “मोठी दे की! काल कडूबाईच्या गण्याला मोठी दिली.” मी तिचा हात धरला. “काय म्हणालीस गं तू?” ती घाबरली. “म्या काय न्हाय केलं. गुंडपी मागितली.” “कोणी शिकवलं तुला?” “कोन शिकवतंय? समदेच म्हनत्यात.”

मग गुंडप्पानं माझा आवाज ओळखला. “कोन, मास्तरांची शारदा का? ये तंगी, ये.” अजून मला कानडीत धाकटी बहीणच म्हणतो. त्याला सगळं सांगितलं. पुणं, कोडं, वकील, संपादक. तो हसला तर ढेप हलली. म्हणाला, “तुझी आय म्हनायची. तिच्या मागं उभारलेली पोरं ऐकून म्हनाया लागली. आता त्या पोरांची पोरं येत्यात. किलो आला, शेर गेला, गुंडपी कुठं गेली न्हाय. माझंच नाव हाय त्यात, मला काय वंगाळ वाटंल व्हय?”

मग काय विचारतोस! मी गावात फिरले. आपल्या गल्लीतल्या दगडाबाईनं ओट्यावर बसवून अंगठ्याला शाई लावून दिली. सत्तेचाळीस जणांच्या सह्या नि अंगठे. सरपंच आण्णासाहेबांनी उर्दूत दस्तखत केली आणि खाली मराठीत तसदीकीचा दाखला लिहिला : ‘गुंडपी हा शब्द या गावी लहानथोर बोलतात. खात्री न वाटल्यास येऊन ऐकावा.’ पलीकडच्या गल्लीतली, नदीच्या अंगाची, सगळी पोरं म्हणतात. आई गेली नऊ वर्षांपूर्वी आणि तिचा शब्द गावभर हिंडतो आहे. कागद काल रजिस्टरनं संपादकांना गेला.

आता दुसरं. गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं.

तार अडकली नव्हती. तार केलीच नव्हती. आईनं दोन दिवस तुझं नाव घेतलं. अण्णा म्हणाले, “त्याला कळवायचं नाही, माझी शपथ आहे.” तिसऱ्या दिवशी मला औषधाला उमरग्याला पाठवलं. औषध घेऊन मी तार ऑफिसच्या दारात उभी राहिले. आत नुसतं जायचं होतं. मी एकोणीस वर्षांची होते, अण्णांची भीती वाटली, आणि मी परत फिरले. ती चौथ्या दिवशी गेली. तू पंधराव्या दिवशी आलास आणि दारातच विचारलंस, “तार का न्हाय केली?” आणि मी म्हणाले, “केली होती. पोचली नसेल.” तू उमरग्याला जाऊन रजिस्टर पाहिलंस हे मला पुढं कळलं. तार न करण्याची तू एक वेळ माफी दिली असतीस. तोंडावर खोटं बोलले ते तू धरलंस, आणि बरोबर धरलंस. लग्न होऊन मी कुठं आले तर त्याच ऑफिससमोर. रोज सकाळी दार उघडलं की ते दिसतं.

आता तू लिहू नकोस हवं तर. पण कोडं सोडू नको.

शारदी


उमरगा
बुधवार, १४ मार्च १९६२

सौ. नीलावहिनींस,

सा. न.

‘वहिनी’ लिहायला हात अडखळला, कारण या घरात तो शब्द कधी कोणी वापरलेला नाही. तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा हसले, आणि पाचव्यांदा यांना वाचून दाखवताना रडले. तर चौकोनपंत तुम्ही! दादाची बायको! आणि मी बाहुल्या, मळके हात, काय काय तुम्हाला लिहून बसले. लाजेनं मेले. बाईच्या नावानं कोडं छापलं तर कोणी सोडवणार नाही असं संपादक म्हणाले होय? त्यांना सांगा, उमरग्यात पाऊण तासात सोडवतात.

तुम्ही लिहिलंत की दादा तुमच्या लेकीच्या हातावर साखरेची चिमूट ठेवताना म्हणतो, “घे गुंडपी.” लग्न झाल्यापासून ऐकत आलात, तेव्हा वाटलं त्यांच्या मुलखात असंच म्हणत असतील, आणि बिनधास्त चौकटीत बसवलात. अहो, नवऱ्याच्या माहेरचा, म्हणजे आमच्या घरचा शब्द तुम्ही साऱ्या महाराष्ट्राला घातलात! कोणतीही सून हेच करेल. नवऱ्याच्या तोंडचं ते सासरच्या गावचं. आणि तुम्हाला विचारायला सासर कुठं होतं?

तो घराचं नाव काढत नाही. माकणी म्हटलं की उठून जातो. पण हा एक शब्द त्यानं जाताना नेला, आणि तुमच्या लेकीला दिला. मला एवढं पुरे होतं.

पण तुम्ही पुढं जे लिहिलंत, ते मी पदराला बांधून ठेवलं आहे. माझी चारही पत्रं तुमच्या हाती आली. तिसरं वाचून तुम्ही ते चुलीत घातलंत, त्याला दाखवलंच नाही. ‘त्यात तार अडकली असं होतं. ह्यांनी रजिस्टर पाहिलेलं मला ठाऊक होतं. ते पत्र त्यांनी वाचलं असतं तर तुमचं पुढचं कधी उघडलं नसतं.’ आणि चौथं त्याच्या ताटाशेजारी ठेवलंत. वहिनी, मला न पाहता तुम्ही एवढं कसं ओळखलंत? मी पुन्हा लिहीन, खरं लिहीन, हे तुम्हाला काय माहीत होतं?

त्यानं वाचलं, घडी केली, आणि ताक मागितलं. एवढंच. बरं. मला त्याचं ताक माहीत आहे. रागावला की भात अर्धा टाकतो. ताक मागितलं म्हणजे जेवला.

संपादक म्हणतात सह्या कोणीही आणील, कुणीतरी जाऊन ऐकून या. तुम्ही दादाला म्हणता, “मी बाईमाणूस, लेकीची परीक्षा, एवढ्या लांब कशी जाऊ?” आणि ‘सोनसकाळ’चा तपासणीचा कागद त्याच्यासमोर ठेवता. अहो वहिनी! कोडेकार असाच असावा. त्यानं कागद उचलला का ते तुम्ही लिहिलंच नाहीत. पान संपलं म्हणून सही केलीत! मी त्या पानाची मागची बाजू उजेडाला धरून पाहिली.

आम्ही इथं शिमग्याच्या पुरणाची तयारी करतो आहोत. माझं लक्ष लागत नाही. रोज साडेबाराच्या एस.टी.ला मी काही ना काही कारण काढून कल्याणप्पाच्या दुकानी जाते. प्रेमलाबाईंना वाटतं मी नव्या कोड्यासाठी जाते. त्या आता माझ्याआधी जाऊन उभ्या राहतात.

तुमची,
शारदा


उमरगा
सोमवार, २६ मार्च १९६२

वहिनी,

तो आज पहाटेच्या गाडीनं निघाला. माझं पत्र त्याच्या मागून दोन दिवसांनी पोचेल. तोवर तो काही सांगणार नाही, मला माहीत आहे, म्हणून सगळं लिहिते.

गुरुवारी दुपारी मी भांडी घासत होते. समोरच्या ऑफिसातला तारवाला स्वतः रस्ता ओलांडून आला. शिवशरण नव्हे, तारवाला. राखेच्या हातानंच कागद घेतला. तार पाहिली की घरात रडायला सुरुवात होते, तसं झालंही. हे बाटली हातात घेऊन धावत आले. दोनच शब्द होते : ‘रविवारी येतो.’ खाली अंबादास. मी तारवाल्याला विचारलं, “रजिस्टरात नोंदली ना?” तो म्हणाला, “नोंदल्याबिगर कशी येईल बाई?” त्याला मी पुरणपोळी दिली. शिळी होती, पण दिली.

उतरला तेव्हा ओळखला नाही. केस पांढरे झालेत की हो! त्यानं मला ओळखलं. म्हणाला, “एस.टी. तुळजापूरला अर्धा तास थांबली.” मी म्हणाले, “थांबते.” माकणीला पोचेपर्यंत आम्ही एवढंच बोललो, आणि बैलाबद्दल थोडंसं. तारेचा विषय त्यानं काढला नाही. मीही नाही. सारखी वाटत होती भीती, की हा कागदाचं काम करील, सही करील, आणि आल्या पावली निघून जाईल.

दगडाबाईच्या ओट्यापाशी गाडी थांबली. मी उतरू लागले तर म्हणाला, “तू इथंच बस. तपासणी मला करायचीय. तू बरोबर असलीस तर पुरावा कसा धरतील?” खरं होतं त्याचं. मी बसले. तो ‘सोनसकाळ’चा कागद घेऊन एकटा गेला.

पाऊण तास झाला, वहिनी. पाऊण तासात मी बावीस शब्द भरते. दगडाबाई म्हणाली, “कशापाई घाबरतीस गं? माणूस दुकानात गेलाय, लढाईवर न्हाय.” मग ती मागल्या खेपेची शेंबडी पोरगी पळत आली आणि मला सांगू लागली, की एक पुण्याचा साहेब दुकानात आलाय, आणि त्यानं पाव किलो गूळ घेतला, आणि मग पुडी घेऊन उभाच राहिला. बसप्पा म्हणाला, “अजून काय पायजे साहेब?” मग आंधळ्या आज्जानं विचारलं, “कोन उभारलंय?” साहेबानं नुसता हात पुढं केला. आज्जानं चाचपून तो हात धरला, बराच वेळ धरला, आणि म्हणाला, “इतका मोठा हात झाला तुझा? मास्तरीणबाईचा अंबादास न्हाय का तू?” “आन् साहेब रडला!” पोरगी म्हणाली. “मिशीवाला मानूस रडला!” तिला फार मौज वाटत होती.

मग तो गल्लीच्या तोंडाशी दिसला. पुडी डाव्या हातात, कागद खिशात. उजवी मूठ मिटलेली. ऊन कडक होतं. हळू चालत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी त्याच्या मुठीकडं बघत होते.

“शारदे, हात कर,” तो म्हणाला.

मी हात केला. त्यानं मूठ उघडली. ठेवायला फारसं काही उरलं नव्हतं. उन्हानं अर्धा गूळ वितळून त्याच्या तळव्याला लागला होता, आणि खडा उरला होता हरभऱ्याएवढा. तो म्हणाला, “परत उशीर झाला.” मी म्हणाले, “मला पण झाला होता, दादा.”

अहवालात त्यानं काय लिहिलं ते संपादक छापतीलच. तुमचं कोडं राहिलं, माझा शब्दकोश राहिला. सुट्टी लागली की लेकीला घेऊन या. तो खडा मी तोंडात टाकला आणि मग त्याचा हात धरून तळवा चाटून घेतला, अठ्ठावीस वर्षांची बाई, दगडाबाईच्या ओट्यावर, सगळ्या पोरांदेखत.

तुमची नणंद,
शारदा